विहिरीत गेलेले नॅनो कण

प्रश्न : आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. यंदा कपाशीवर नॅनो झिंक फवारलं आणि पंप विहिरीवरच धुतला. थोडं पाणी आत गेलं. घरचा बुढा म्हणते, "येवढुश्या औषधानं इहिरीले काय होते?" बारावीतली मुलगी म्हणते, ते कण कापडातून गाळले जात नाहीत, कायम पाण्यात तरंगत राहतात. खरं कोणाचं?
— एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : मुलीचं अर्धं खरं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. असे साधारण १०० नॅनोमीटरच्या आतले ते नॅनो कण. कापड त्यांना काय अडवणार! पण 'कायम तरंगतात' हे पाण्यावर ठरतं, आणि तुमचं पाणी खारं.

मी खारपाणातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. एकदा वर्गात दाखवायला चांदीचे नॅनो कण तयार केले. पिवळंधमक, आरपार दिसणारं द्रावण. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, म्हणून पातळ करायला मी बोअरचं पाणी ओतलं. पोरांच्या डोळ्यांदेखत पिवळा रंग काळवंडला आणि दुपारपर्यंत तळाशी करडा गाळ. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, नासलं!"

नासलंच होतं. या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम भोवती जमले की तो भार झाकला जातो. मग कण आदळतात, चिकटतात, जड होऊन बसतात. पुराच्या गढूळ पाण्यात आई तुरटीचे दोन फेरे मारायची, तोच हा प्रकार. तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर तीनपट भार, म्हणून चिमूटभर पुरते. फॅरेडेनं १८५७ साली सोन्याच्या बारीक कणांचं माणकासारखं लाल द्रावण मीठ टाकून निळं होताना नोंदवलं, तेही असंच.

तुमच्या विहिरीत काळ्या मातीचे कणही आहेत. त्यांना चिकटूनही नॅनो कण खाली जातात. बाटलीत झिंक ऑक्साइड असेल तर ते थोडं थोडं विरघळतं. विरघळलं की तो कण उरत नाही, साधं जस्त होतं. उरलेलं गाळात. बुढ्यांना एवढंच सांगा, की खाली बसलं म्हणजे गेलं नाही. उन्हाळ्यात गाळ उपसाल तेव्हा ते वर येईल. पंप विहिरीपासून लांब, बांधावर धुवा. खरं सांगू? मला त्या झिंकपेक्षा त्याच पंपातून आधी मारलेल्या कीटकनाशकाची जास्त धास्ती वाटते.

प्रश्न : वास न येणारे, चांदीचे नॅनो कण असलेले मोजे आमच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावावर धुतले तर मासे मरतील का?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : एका जोडीनं नाही. पण तुमचं पाणी दर्यापूरसारखं नाही, हे ध्यानात घ्या. तलावात पालापाचोळा कुजून पाण्याला चहाचा रंग येतो ना, त्यातलं ह्युमिक आम्ल कणांवर लेपासारखं बसतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्यामुळे ते जास्त दिवस तरंगतात, लांबवर जातात. तोवर त्यांतून सुटणारी विद्रव्य चांदी जंतूंना मारते, आणि जास्त झाली तर माशांच्या कल्ल्यांनाही बाधते. तळाच्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात मात्र तिला गंधक गाठतं. घरातले पैंजण ज्यामुळे काळे पडतात तेच हे, सिल्व्हर सल्फाइड. ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून चांदीचा विषारीपणा बराच उतरतो.

काही मोज्यांतून पहिल्या दोन-चार धुण्यांतच बरीच चांदी सुटते. तेवढी धुणी घरी बादलीत करा.