खुराकात तेल घातल्याने गायीचा मिथेन कमी होतो का? किती घालावं?

होतो कमी. पण डबा उघडायच्या आधी पुढचं वाचा.

आमच्या थोरल्या बंधूंनी हेच कुठेतरी वाचलं आणि लगेच गव्हाणीत तेल ओतायला सुरुवात, मापबिप काही नाही. मी म्हटलं दादा, कोटीपोटातले, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले चारा पचवणारे जंतू मरतील, तर म्हणे तू धारा काढायचं बघ. थोड्याच दिवसांत रवंथ मंदावली, शेण पातळ, वैरण निम्मी तशीच पडून आणि दुधाची फॅट घसरली. घसरणारच, कारण चोथा पचवणाऱ्या जंतूंना जास्त तेल सोसत नाही. आहाराच्या सुक्या वजनात एकूण स्निग्धांश ६-७ टक्क्यांच्या वर नेऊ नये, आणि त्यातला काही चारा-पेंडीतूनच येतो हे दादांच्या गावीही नव्हतं. अजूनही पाहुण्यांसमोर ऐकवतात, ‘मिथेन तर कमी झाला ना!’ अहो गाय खाईनाच तर मिथेन येणार कुठून?

आणि तो मागून येतो हे पण त्यांचंच ज्ञान. ९० टक्क्यांच्या आसपास तोंडानेच जातो, ढेकरेतून. कोटीपोटात चारा आंबताना हायड्रोजन सुटतो, तो आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन काही सूक्ष्मजीव मिथेन करतात. खाल्लेल्या ऊर्जेतली २ ते १२ टक्के अशी हवेत जाते, म्हणजे तुमचाच खुराक वाया.

३-एनओपी नावाचं औषध मिथेन बनण्याची ही शेवटची पायरीच अडवतं, दुभत्या गायीत साधारण ३० टक्के फरक पडतो, पण ते रोजच्या खाण्यात नीट मिसळावं लागतं, नुसतं चरणाऱ्या जनावराला कसं देणार? अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ त्याहून जोरदार, पण त्यातलं काम करणारं ब्रोमोफॉर्म दुधात उतरतं का हा प्रश्न आहेच.

माझं स्पष्ट मत, आधी वैरण सुधारा. कोवळ्यात कापलेला चारा, बरा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), संतुलित खुराक. दिवसाचा मिथेन कदाचित फार हलणार नाही, पण दूध वाढलं की लिटरमागचा उतरतो. गाय वेळेवर गाभण राहिली तर भाकड काळातला फुकटचा मिथेनही वाचतो. दादांना हे पटत नाही कारण यात डब्यातून ओतण्यासारखं काही नाही.

हां, खुराक एकदम वाढवू नका, अ‍ॅसिडोसिस होतो, म्हणजे कोटीपोटात आम्ल वाढतं. आणि नायट्रेट घाला असं कुणी सुचवलं तर जनावरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका, मिथेन कमी होतो खरा पण माप चुकलं तर गायच जाते.