जनुकं पाहून औषध द्यायचं, तर त्यात उत्क्रांती आणि जंतू कुठून आले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रुग्णाची जनुकं वाचायची आणि त्याला सोसेल ते औषध द्यायचं, इथवर पटतं, पण हा विषय निघाला की दर वेळी मलेरिया आणि नैसर्गिक निवड मध्येच का येतात? मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. त्यामुळे हे वाचून कुणी गोळ्या सुरू किंवा बंद करू नयेत. बाकी जे रोज हाताखालून जातं त्यावरून सांगते.

जीसिक्सपीडी नावाचं, तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम तपासायची जुनी, साधी चाचणी आहे. रक्ताचा थेंब रसायनात मिसळायचा, थोडा वेळ थांबायचं, त्याचा ठिपका फिल्टर पेपरवर टाकून वाळू द्यायचा आणि दिवा मालवून अतिनील प्रकाशाखाली धरायचा. एन्झाइम पुरेसं असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर काळाच राहतो. ज्याचा ठिपका काळा, त्याला प्रायमाक्विन नेहमीच्या डोसमध्ये दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात आणि लघवी काळपट होते. हे औषध कशाला देतात? व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. त्याला तिथे गाठणारी औषधं दोनच, प्रायमाक्विन आणि त्याचंच भावंड टॅफेनोक्विन. काही लोकांनाच प्रायमाक्विनचा त्रास का होतो, याचं उत्तर म्हणजे एन्झाइमची ही कमतरता, १९५६ साली सापडलं. संपूर्ण जीनोम वाचण्याच्या कितीतरी आधी लोक ‘याला चालेल, त्याला चालणार नाही’ हे ठरवत होते.

आता तुमचा प्रश्न. ही कमतरता जनुकातल्या बदलामुळे येते, आणि जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये आहे. निव्वळ नुकसानच करणारा बदल इतका पसरत नाही, पिढ्यान्‌पिढ्या गाळला जातो. नकाशावर पाहिलं तर ती मुख्यतः जिथे पूर्वापार मलेरिया होता तिथेच दिसते. परजीवीला राहायला तांबडी पेशी लागते, आणि ती पेशीच जरा कच्ची असली तर त्याचाही जम बसत नाही. ही कल्पना हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मांडली होती, आणि १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत पुरावा दिला. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. आई किंवा बाबा यांपैकी एकाकडूनच तो बदल आला तर जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव, दोघांकडूनही आला तर सिकलसेलचा आजार. म्हणून रिपोर्टात ‘सदोष जनुक’ असं वाचलं की मला खटकतं. दोष खराच, पण तो कुठल्याशा जुन्या साथीत कुणाला तरी जगवून इथवर आलेला असतो. गंमत अशी, की मलेरियापासून वाचवणारा जीसिक्सपीडीचा बदलच आता मलेरियाच्या औषधाच्या आड येतो.

याहून चकित करणारी गोष्ट एचआयव्हीची. शरीरातल्या पेशी आपल्या आतले प्रथिनांचे तुकडे बाहेर टांगून पहारेकरी पेशींना दाखवत असतात. टांगायची खुंटी म्हणजे एचएलए रेणू. माणसामाणसांत ही जनुकं जितकी वेगळी असतात तितकी जीनोममधली दुसरी क्वचितच असतील, कारण सगळ्यांची खुंटी सारखी असती तर तिला चकवणारा एकच जंतू सगळ्यांना पुरून उरला असता. यातली एचएलए-बी ५७:०१ ही आवृत्ती असलेले काही लोक औषधाशिवायही एचआयव्हीला वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवतात. पण त्याच लोकांना अॅबॅकॅविर हे एचआयव्हीचं औषध घातक ठरू शकतं. औषधाचा रेणू नेमका त्या खुंटीच्या खाचेत जाऊन बसतो, त्यामुळे भलतेच तुकडे टांगले जातात आणि पहारेकरी स्वतःच्याच पेशींवर तुटून पडतात. ताप, पुरळ, आणि बरं वाटल्यावर तीच गोळी पुन्हा दिली तर जीवही जाऊ शकतो. २००८ मध्ये सुमारे २,००० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. आधी एचएलए तपासून मग औषध दिलेल्या गटात या प्रतिक्रियेचा एकही पक्का रुग्ण निघाला नाही. आज तपासल्याशिवाय हे औषध सुरू करायचं नाही, असाच नियम आहे. एचआयव्ही माणसात येऊन जेमतेम शतक झालंय, तेव्हा ही खुंटी त्याच्यासाठी निवडली गेलेली नाही. ती आणखी जुन्या कुठल्या तरी जंतूंची कमाई असणार.

लोक इथे एक चूक करतात. ‘अमुक वंशात अमुक जनुक’ एवढं कळलं की चेहरा पाहून अंदाज बांधायला लागतात. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, आणि व्हायव्हॅक्सला आत शिरायला मुख्यतः तेच दार लागतं. पण त्याच बदलामुळे त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा मुळातच कमी दिसतो. दुसऱ्यांच्या रक्तावरून ठरवलेली ‘नॉर्मल’ मर्यादा लावली की धडधाकट माणूस आजारी ठरतो, आणि क्लोझापिनसारखं (स्किझोफ्रेनियावरचं, या पेशी मोजत मोजत द्यायचं) हवं असलेलं औषध विनाकारण थांबतं. ज्यांच्यात हा बदल नाही असे लोकही त्याच वंशात असतातच. तेव्हा तपासायचं ते जनुक, कातडीचा रंग नव्हे.

जंतूही काही गप्प बसलेला नसतो. क्षयाच्या उपचारात रुग्णाच्या जनुकांपेक्षा जंतूची जनुकं वाचण्याची निकड जास्त. आरपीओबी या जनुकाच्या एका छोट्या भागात बदल झाला की रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेलं यंत्र हे थुंकीच्या नमुन्यावरून दोनेक तासांत सांगतं. अर्धवट उपचारात वाचलेले जंतूच पुढे वाढतात. उत्क्रांती पाहायला लाखो वर्षं थांबावं लागत नाही, एका छातीत काही महिन्यांत दिसते.

सगळंच जनुक पाहून ठरतं असंही समजू नका. २००९ मध्ये हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार कुणाला इंटरफेरॉन या तेव्हाच्या औषधाने बरा होईल हे सांगणारा एक जनुकीय फरक सापडला, मोठी चर्चा झाली. पुढे काही वर्षांत थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, बहुतेक सगळेच बरे व्हायला लागले आणि त्या चाचणीची गरजच उरली नाही. निअँडर्थल या नामशेष मानवजातीकडून आलेल्या आणि कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणाऱ्या एका जनुकखंडाची बातमीही गाजली होती. संशोधन खरं आहे, पण एखाद्या रुग्णाला किती धोका आहे ते त्याच्या वयावरून जास्त कळतं.

त्या ठिपक्याबद्दल एक सांगायचं राहिलं. औषधाने पेशी फुटून गेल्यावर लगेच रक्त तपासलं, तर कमतरता असलेल्या माणसाचाही ठिपका कधीकधी चमकतो. एन्झाइम संपत आलेल्या म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात. उरतात त्या तरुण, तग धरलेल्या, आणि आपण त्यांनाच मोजतो. त्यामुळे ठिपका छान उजळला तरी ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी मी विचारून घेते: गेल्या काही दिवसांत लघवी काळी झाली होती का? रक्त चढवलं होतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर दोन-तीन महिन्यांनी नमुना पुन्हा मागवतो.