आधी वॉर्ड बघा, मग कॉलेज

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. बी.एस्सी. नर्सिंगच करायचं म्हणून हटून बसली आहे. मोठे दीर म्हणतात, परक्यांची घाण काढायची, रात्र रात्र घराबाहेर राहायचं, उद्या स्थळ कोण आणणार? तालुक्याला एक एजंट भेटला. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात ॲडमिशन करून देतो म्हणतो. हजेरीची कटकट नाही, फक्त परीक्षेला यायचं. मिस्टर मुंबईला असतात, निर्णय माझ्यावरच आहे. तुम्ही स्वतः सिस्टर होतात असं कळलं. तुमचं शिक्षण कसं झालं, पुढचं आयुष्य कसं गेलं, ते आडपडदा न ठेवता लिहाल का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी एजंटाचं सांगते, कारण तुम्ही त्याला आगाऊ पैसे द्याल याची मला धास्ती वाटते. देऊ नका. नर्स वॉर्डात घडते. हजेरी न लावता कागद हातात येईल, पण पहिल्याच नोकरीत एखाद्या पेशंटचे ओठ निळे पडायला लागले की तुमची लेक नुसती उभी राहील. त्याची किंमत तो पेशंट मोजेल. माझ्याकडे अशा मुली येतात. डिग्री आहे, पण सलाईन लावायला हात धजत नाही. पुन्हा शिकायची लाज वाटते म्हणून कुठल्या तरी दवाखान्यात रिसेप्शनला बसतात. हुशार मुली असतात, त्यामुळे फार वाईट वाटतं.

आता माझ्याबद्दल विचारलंत ते. १९८०च्या दशकाच्या शेवटी मी एका जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलला जनरल नर्सिंगसाठी गेले. घर शेतकऱ्याचं, दोन भाऊ धाकटे. हॉस्टेल आणि थोडा स्टायपेंड मिळतो म्हणून वडील तयार झाले. होम सिस्टर, म्हणजे हॉस्टेलच्या देखरेखीच्या बाई, रात्री हजेरी घ्यायच्या आणि गेटला कुलूप लागायचं. सुरुवातीचे कित्येक दिवस आम्ही फक्त खाटा घातल्या. चादरीला एक सुरकुती दिसली तरी ट्यूटर अख्खी चादर ओढून काढायच्या आणि पुन्हा घालायला लावायच्या. मनातून खूप राग यायचा. मग ऑर्थोपेडिक वॉर्डात मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी आल्या. घरी बरेच दिवस एकाच कुशीवर झोपवलेल्या, कमरेला हाडापर्यंत जखम. एकाच जागी भार पडत राहिला, खाली सुरकुती किंवा ओल असली, की तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी आधी लाल होते, मग फाटते. ती जखम भरायला महिने लागतात. टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चादर ताणून घालायची एवढंच लागतं. त्या आजींची ड्रेसिंग करताना मला माझ्या ट्यूटर समजल्या.

तुमचे दीर ज्याला घाण म्हणतात त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही शंका फार घरांत असते. होय, बेडपॅन द्यावं लागतं, उचलावं लागतं. उलटी, पू, रक्त, सगळं. पहिल्या महिन्यात मला जेवण जायचं नाही. पण बेडपॅन उचलते तिलाच दिसतं की शौचाचा रंग काळाकुट्ट आणि चिकट आहे, म्हणजे पोटात कुठेतरी रक्तस्राव होत असेल. लघवीची पिशवी ती रिकामी करते, म्हणून गेल्या चार तासांत लघवी जवळजवळ झालीच नाही हे तिच्या चार्टवर येतं. स्पंज देताना पाठ, टाचा, पोटाचा फुगवटा तिच्या हाताखालून जातो. डॉक्टर राऊंडला काही मिनिटं येतात. मधल्या सगळ्या तासांतलं सिस्टरने बघितलेलं असतं. दुसऱ्या वर्षाला असताना ऑपरेशन झालेले एक गृहस्थ सारखं 'जीव घाबराघुबरा होतोय' म्हणत होते. बीपी तसं ठीक होतं, पण नाडी दर वेळी आधीपेक्षा जलद लागत होती. मी सीनियर सिस्टरला सांगितलं, त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. आतून रक्त जात होतं. त्यांना तसंच परत थिएटरमध्ये नेलं आणि ते वाचले. रक्त गेलं की आधी नाडी वाढते, बीपी नंतर पडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. समजलं त्या रात्री. दिरांना हे जरूर सांगा.

गणित आणि विज्ञान रोज लागतं, हेही मुलीला सांगा. १५ थेंबांना एक मिलिलिटर पडणारा सेट असेल आणि ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला साधारण १६ थेंब. हे घड्याळ हातात धरून मोजायचं. लहान मुलांचे डोस वजनावर काढायचे. तिथे दशांश चिन्ह चुकलं तर औषध दहापट जातं.

मृत्यूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तो पहिल्याच वर्षी दिसतो. आम्हाला ट्यूटरने शिकवलं होतं, की मृतदेह पुसताना, हनुवटी बांधताना, नावाची चिठ्ठी लावतानासुद्धा माणसाला नावाने हाक मारायची, 'काका, आता कूस वळवते हं' असं म्हणायचं. ती सवय मला नोकरीभर पुरली. कोरोनाच्या काळात मी वॉर्डची इन्चार्ज होते. नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. पीपीई किटमध्ये घामाने भिजलेल्या माझ्या मुली शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसांशी तशाच बोलत होत्या. मला त्यांचा आजही फार अभिमान वाटतो.

रात्रपाळीचं आणि सुरक्षिततेचं मी गोड करून सांगणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. त्या शुद्धीवर पुन्हा कधीच नीट आल्या नाहीत. १८ मे २०१५ला गेल्या, तोपर्यंत चार दशकांहून अधिक काळ केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. ज्या मुली त्यांना कधी भेटल्याही नव्हत्या त्यांनी पिढ्यान् पिढ्या भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. एवढी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर, म्हणजे त्या आजींसारख्या दाबाच्या जखमा, होऊ दिले नाहीत. आमच्या व्यवसायात याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही. पण ताई, त्यातून धोका खरा आहे हेही कळतं. म्हणून कॉलेजला स्पष्ट विचारा : रात्रीच्या ड्युटीला मुली हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंत कशा जातात, सोबत कोण असतं, कपडे बदलायची खोली कुठे आहे, तक्रार समितीत कोण आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. या प्रश्नांवर कोणी वैतागलं तर ते कॉलेज नको.

लग्नाचं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली तेव्हाही समाज हेच म्हणत होता, आणि त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. माझं लग्न झालं. यजमान शाळेत शिक्षक. मी नाईटला असले की मुलाला तेच झोपवायचे, सकाळी डबा तेच भरायचे. सासूबाईंना हे बरीच वर्षं रुचलं नाही, आणि त्या कधी पूर्ण बदलल्या असंही नाही. दिवाळीच्या पहाटे मी कित्येकदा वॉर्डात होते. मुलाच्या गॅदरिंगला पोचले तेव्हा त्याचा नाच होऊन गेलेला होता. तो सल अजून आहे. कंबर दुखते, पायांच्या शिरा फुगल्यात. पण माझ्या नावावर पगार होता, धाकट्या भावाचं शिक्षण मी केलं, आणि घरात कुठल्याही मोठ्या निर्णयाला मला विचारल्याशिवाय पुढे जात नसत. ज्या घराला सुनेची रात्रपाळी चालणार नाही, त्या घराने लग्नाआधीच नकार दिलेला बरा.

पैशांबद्दल नीट ऐका. तालुक्याच्या लहान दवाखान्यांत नव्या मुलींना बारा-पंधरा हजारांवर राबवून घेतात, असं माझ्याकडे येणाऱ्या मुली सांगतात. काही ठिकाणी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतात. माझीही पहिल्या खासगी नोकरीत ठेवली होती. ती परत मिळवायला वडिलांना खेटे घालावे लागले. मूळ कागद कुणालाही देऊ नका, फक्त दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा किमान २०,००० रुपये आणि २००हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली होती. अंमलबजावणी राज्यांवर सोडली, त्यामुळे सगळीकडे मिळत नाही. पण बोलणी करताना मुलीला हा आकडा माहीत हवा. सरकारी नोकरीचं चित्र वेगळं आहे. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. एम्सची नॉरसेट ही नर्स भरतीची परीक्षा पास झाली तर नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून. दोन्हींवर भत्ते वेगळे. स्पर्धा मोठी आहे, पण अभ्यास करून मिळते. पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, लष्करी नर्सिंगची बी.एस्सी. आहे, त्यासाठी मात्र 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे मुली लेफ्टनंट म्हणून रुजू होतात. परदेशाचं आत्ताच ठरवू नका. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा लागते, जर्मनीला बी-टू पातळीचं जर्मन. दोन्हीकडे वॉर्डातला खरा अनुभव उपयोगी पडतो, आणि तो आधी इथेच घ्यावा लागतो.

प्रवेशाची वाट सरळ आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं, आणि राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची. तिथे नंबर लागला नाही तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा, करू द्या. त्यात कमीपणा नाही. मी जीएनएमच केलं, नोकरीत असताना जीएनएमनंतरचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं आणि शेवटची वर्षं ट्यूटर म्हणून शिकवलं.

कॉलेज निवडताना इमारत, एसी वर्ग, गॅदरिंगचे फोटो यांवर जाऊ नका. मुलीला घेऊन संलग्न रुग्णालयात सकाळी दहाच्या सुमारास जा. नर्सिंग कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, ही भारतीय परिचर्या परिषदेची अट आहे. पण खाटा असणं वेगळं आणि त्यांवर पेशंट असणं वेगळं. खाटा भरलेल्या आहेत का, प्रसूती होतात का, विद्यार्थिनी पेशंटजवळ आहेत की कोपऱ्यात जर्नल उतरवत बसल्या आहेत, सोबत ट्यूटर आहे का, हे डोळ्यांनी बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, 'आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस?' ती अडखळली तर दुसरं कॉलेज बघा. विद्यापीठाची आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता यंदाची आहे ना, तेही कागदावर बघून घ्या.

प्रवेश झाला की वॉर्डात पाय टाकण्याआधी हेपॅटायटिस बी लसीचं वेळापत्रक सुरू करा. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. सुई टोचण्याचा प्रसंग या कामात कधी ना कधी येतोच.

आणि डोमिसाईल, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हे आताच सेतू केंद्रात काढायला टाका. निकालानंतर तिथे रांगा लागतात, आणि दाखला वेळेत न आल्यामुळे हातची सरकारी सीट गेलेल्या मुली मी दरवर्षी बघते. एजंटाने दिलेलं कॉलेजचं नाव मला कळवा. मान्यता कशी तपासायची ते मी मुलीला फोनवरून दाखवून देईन.