वाचकांचे प्रश्न: धर्माचा हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा?

धर्म या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतलीत. भाषा थोडी आवरलीय, मुद्दे जसेच्या तसे आहेत.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो जगातली सगळी युद्धं धर्मामुळे झाली, धर्म बंद करा, जग सुखी होईल. सासरे म्हणतात धर्म आहे म्हणून माणूस माणसात आहे, नाहीतर एकमेकांना फाडून खाल्लं असतं. दोघांचंही आवाज चढवून चालू असतं आणि शेवटी माझ्याकडे बघतात. खरंच हिशेब मांडला तर धर्माने भलं जास्त केलंय की वाटोळं?

आधी मुलाचं बघू. "सगळी युद्धं" हे फेकायला सोपं आहे पण तपासायला गेलं की गडबड होते. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध घ्या, १६१८ ते १६४८. कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असंच आपण शिकतो आणि सुरुवात खरंच तशी झाली. पण १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स उघडपणे उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने, आणि हे ठरवणारा मंत्री रिशेल्यू स्वतः कॅथलिक चर्चचा कार्डिनल, म्हणजे बडा धर्मगुरू! त्याला ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या, कॅथलिकच असलेल्या हॅब्सबर्ग घराण्याची जिरवायची होती, देव कुणाच्या बाजूला ते नंतर बघू. पुढे विसाव्या शतकात दोन महायुद्धं झाली ती जमीन, वंश, साम्राज्य यावरून. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ मध्ये पंधरा लाखांहून जास्त माणसं संपवली, भिक्खूंना चीवरं उतरवायला लावून शेतात राबवलं, आणि हे सगळं करायला त्यांना कुठल्याही देवाची गरज पडली नाही. अल्बेनियाने १९६७ मध्ये सगळी चर्च आणि मशिदी बंद करून टाकल्या आणि जगातला पहिला नास्तिक देश म्हणून मिरवलं, त्याने माणसं काही मोकळी झाली नाहीत, उलट मुलांची नावं काय ठेवायची यातही सरकार नाक खुपसायला लागलं. म्हणजे धर्म काढला की क्रूरपणा जातो हे गणित जमत नाही.

आता सासऱ्यांचं. डेन्मार्क, स्वीडनमध्ये चर्चला नियमित जाणारी माणसं अगदी थोडी, तरी तिथे कुणी कुणाला फाडून खात नाहीये, भ्रष्टाचार कमीत कमी असलेल्या देशांत त्यांची नावं वर असतात. आणि धर्म शिकला की माणूस आपोआप मदतीला धावतो का, यावर एक फार भारी प्रयोग आहे. डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो केला, निष्कर्ष १९७३ मध्ये छापून आले. विद्यार्थ्यांना सांगितलं की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. काहींचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, जखमी माणसाला बाकीचे टाळून पुढे जातात आणि एक परका थांबून मदत करतो ती. वाटेत दारात एक माणूस खोकत, विव्हळत पडलेला (अर्थात तो ठरवून बसवलेला). ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना "अरे उशीर झालाय, पळ" म्हणून पाठवलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. डोक्यात तीच गोष्ट घोळतेय की दुसरा काही विषय आहे याने दखल घेण्याइतका फरक पडला नाही. काही जण तर मदतीच्या गोष्टीवर भाषण द्यायला त्या पडलेल्या माणसाला ओलांडून गेले!

म्हणून दोघांनाही सांगा की पहिल्या फेरीत दोघंही बाद.

आता हिशेबाचं. माझा प्रॉब्लेम हा आहे की बेरीज-वजाबाकी करायला आधी "धर्म" नावाचा एक कुणीतरी करणारा पाहिजे, आणि तो सापडत नाही. १८०७ साल घ्या. त्या वर्षी ब्रिटनच्या संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्यामागे वीस वर्षांची चळवळ होती, १७८७ मध्ये लंडनला बारा जणांनी कमिटी काढली त्यातले नऊ क्वेकर या ख्रिश्चन पंथाचे, आणि संसदेत ज्याने हा विषय लावून धरला तो विल्बरफोर्स पक्का श्रद्धाळू ख्रिश्चन. ही सगळी माणसं बायबल हातात घेऊन भांडत होती. आणि त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. तिच्यात जुन्या कराराचा साधारण ९० टक्के भाग गाळलेला, नव्या कराराचा जवळपास निम्मा. काय गाळलं? मोझेस आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून नेतो तो भाग गाळला. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही, ते वचन गाळलं. आणि ठेवलं काय, तर गुलामांनो मालकाची आज्ञा पाळा. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ही की कात्री चालवणाऱ्याला पक्कं माहीत होतं की हे पुस्तक पूर्ण दिलं तर आपलीच पंचाईत होईल.

हे कुठल्या रकान्यात टाकणार तुम्ही? बरं, दोन रकाने केलेत तरी पुढची अडचण आहेच, फायदा एकाला झालेला असतो आणि मार दुसऱ्याने खाल्लेला असतो. ज्याला आजारपणात आश्रमाने सांभाळलं त्याचं समाधान आणि ज्याला शाळेतल्या धर्मगुरूने छळलं त्याचं दुःख, एकातून दुसरं वजा करून "निव्वळ नफा" काढायचा म्हणजे त्या छळ झालेल्या माणसाला "एकूणात बरं चाललंय" असं सांगण्यासारखं आहे. मला ते जमत नाही, त्यामुळे आकडा मागू नका.

प्रश्न: धर्माच्या नावाखाली जे वाईट होतं तो खरा धर्म नसतोच ना? माणसं वाईट, धर्म चांगला.

हे ऐकायला गोड आहे पण याला मी मान्यता देत नाही. चांगलं झालं की धर्माचं श्रेय आणि वाईट झालं की माणसाची चूक, असं चित भी मेरी पट भी मेरी चालणार नाही. आफ्रिकेतल्या रुआंडात १९९४ मध्ये हत्याकांड झालं, त्यात मारणारे आणि मरणारे दोन्ही बहुतेक ख्रिश्चनच होते, भांडण धर्माचं नव्हतंच, हुतू आणि तुत्सी या दोन जमातींचं होतं. लोक जीव वाचवायला चर्चमध्ये धावले कारण आधीच्या दंगलींत चर्चमध्ये आसरा मिळाला होता. न्यांगे गावात साधारण दीड हजार माणसं चर्चमध्ये होती आणि बुलडोझर लावून त्यांच्यासकट चर्च पाडलं, त्यात तिथल्या फादरचाच हात होता. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला २००६ मध्ये पंधरा वर्षं दिली आणि अपिलात २००८ मध्ये ती जन्मठेप झाली. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि चर्चमधल्या लोकांच्या पापांसाठी क्षमा मागितली, म्हणजे स्वतः पोप "तो खरा ख्रिश्चन नव्हता" म्हणून हात झटकले नाहीत, मग आपण कशाला झटकायचे. त्याच देशात काही पाद्र्यांनी आणि बऱ्याच मुसलमान कुटुंबांनी जीव धोक्यात घालून माणसं लपवली, तेही खरंय आणि तेही धर्माच्याच नावाने केलं. दोन्ही लिहायचं, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: धार्मिक माणसं जास्त सुखी असतात असं वाचलं. खरंय का?

काही देशांत हो. प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांत अमेरिकेतल्या नियमित प्रार्थनेला जाणाऱ्यांपैकी ३६ टक्के स्वतःला "खूप सुखी" म्हणाले, नाव धर्माचं लावतात पण जात नाहीत त्यांच्यातले २५, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांतलेही २५. नीट बघा, नुसतं मानण्याने काही फरक नाही, जाण्याने आहे. लिम आणि पुटनम या दोन अभ्यासकांचा २०१० चा अभ्यास सांगतो की मुख्य भाग तिथे जमणाऱ्या मित्रांचा असतो, जो जातो पण तिथे मित्र नाहीत त्याला हा फायदा होत नाही. देवापेक्षा शेजारच्या बाकावरचा माणूस जास्त कामाला येतो बहुतेक. (देव मानणारे म्हणतील तो माणूस कुणी पाठवला, तिथे मी गप्प.)

प्रश्न: मी आरोग्य खात्यात आहे. लसीकरणात धर्म आडवा येतो तेव्हा डोकं फिरतं. या लोकांना समजवायचं तरी कसं?

तुमच्यासाठी नायजेरियाची केस सांगतो, थोडी लांब आहे. २००३ मध्ये तिथल्या उत्तरेकडच्या काही राज्यांत धर्मगुरू आणि पुढाऱ्यांनी पोलिओचे डोस बंद पाडले, अफवा अशी की यातून मुली वांझ होतात, पाश्चात्त्यांचा डाव आहे वगैरे. कानो राज्यात हे २००४ च्या मध्यापर्यंत चाललं. व्हायरस पसरला, आजूबाजूच्या देशांत गेला, आणि २००५ मध्ये पार इंडोनेशियात पोचला. इथवर वाचून कुणीही म्हणेल बघा, धर्माने पोरांना पांगळं केलं. पण त्याच कानोत १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने लहान मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती, मुलं दगावली, पालकांची नीट संमती घेतली होती का यावरून वर्षानुवर्षं खटले चालले. म्हणजे अविश्वास हवेतून आला नव्हता, जुनी जखम होती आणि धर्मगुरूच्या तोंडून ती बोलली. शेवटी बंदी उठली ती कशी, तर लस इंडोनेशियातून आणली, मुसलमान देशातली म्हणून लोकांचा विश्वास बसला. नंतर सोकोटोच्या सुलतानासारखे मोठे धर्मनेते स्वतः लसीच्या बाजूने उभे राहिले, इमाम घरोघरी सांगायला लागले. २०२० च्या ऑगस्टमध्ये आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. जो माईक बंदीला वापरला तोच डोसाला वापरला.

इबोला या जीवघेण्या साथीचंही तसंच. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत नव्या लागणींपैकी किमान २० टक्के अंत्यविधीतून होतायत असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, कारण प्रेताला आंघोळ घालणं, हात लावणं. सुरुवातीला पांढऱ्या सूटमधली माणसं यायची आणि प्रेत पिशवीत टाकून न्यायची, घरच्यांनी मग प्रेतं लपवायला सुरुवात केली. तेव्हा ख्रिश्चन आणि मुस्लिम धर्मनेत्यांना बरोबर बसवून नवी पद्धत ठरवली: पाण्याच्या आंघोळीऐवजी कोरडी शुद्धी, कफन चालेल, घरच्यांनी लांबून प्रार्थना म्हणावी. तुम्ही "समजवायचं कसं" विचारताय, माझं उत्तर असं की समजवायला जायच्या आधी, मोहीम ठरवतानाच त्या गावातल्या धर्मगुरूला बैठकीला बोलवा, आणि भीती कशाची आहे ते आधी त्याच्याकडून ऐका. तो तयार होणार नाही असंही होईल, तेव्हा कायदा वापरावाच लागेल, त्यात संकोच नको.

प्रश्न: तुम्ही नेहमी दोन्ही बाजू सांगता. एकदा स्पष्ट सांगा, तुम्ही कुठल्या बाजूला?

सांगतो. मी कुठल्याही धर्माला एकच प्रश्न विचारतो: नको वाटलं तर बाहेर पडता येतं का, आणि पडल्यावर त्या माणसाचं काय होतं? प्यूच्याच मोजणीप्रमाणे २०१९ मध्ये २२ देशांत धर्म सोडणं हा कायद्याने गुन्हा होता, त्यातल्या काही ठिकाणी शिक्षा मृत्यूपर्यंत जाते. जिथे दार असं बाहेरून बंद आहे तिथे मी सरळ विरोधात आहे, आत कितीही दानधर्म चालू असू दे. कायदा नसला तरी घरच्यांनी तोंड फिरवणं, लग्नं मोडणं, वाळीत टाकणं, हेही मी त्यातच धरतो.

आणि दार उघडं असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. एवढं सोसलेला माणूस धर्मच नको म्हणाला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी वीस वर्षांहून जास्त वेळ घेतला, वेगवेगळे धर्म तपासले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांसह बौद्ध धम्म घेतला, वर बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या घातल्या. धर्माचं नुकसान त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल? तरी त्यांनी जागा रिकामी ठेवली नाही. यावर माझं मत अजून पूर्ण बनलेलं नाही, निधर्मी मित्रांशी माझं यावरूनच जास्त वाजतं.