दोन गोळ्यांचे जमत नाही, तेव्हा

क्षयरोगाचे उपचार सुरू असताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, अशा रुग्णांच्या घरची माणसे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : टीबीच्या गोळ्यांनीच रक्त गोठवले, मग त्या बंद का करू नयेत? सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या घरांतून, तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तरादाखल एक अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या, लग्नानंतर सासूच्या शेजारी बसून विड्या वळायला शिकलेल्या. फुप्फुसाच्या क्षयाचे निदान होण्याआधी दोनदा थुंकीतून रक्त पडले होते आणि अशक्तपणामुळे त्या कित्येक दिवस अंथरुणालाच खिळून होत्या. उपचार सुरू होऊन तिसरा आठवडा लागला तेव्हा डावी पोटरी सुजली. घरच्यांनी दोन दिवस तेल लावून चोळली, सूज मांडीपर्यंत चढली, आणि मग डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसली. आधी पोटात टोचायची इंजेक्शने आणि पुढे वॉरफरिन ही रक्त गोठण्याला आवर घालणारी गोळी, असे उपचार झाले. मात्र रक्त गोठण्याचा वेग मोजणाऱ्या आयएनआर चाचणीचा आकडा, जो 2 ते 3 च्या दरम्यान हवा होता, तो काही केल्या स्थिर होईना. ‘रुग्ण घाबरलेली आहे, गोळ्या घेते असे म्हणते, पण खात्री वाटत नाही,’ एवढ्या निरोपासह डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवले.

पहिल्या तीन भेटी मी भीतीवर खर्च केल्या, आणि भीती खरीच होती. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे शब्द ऐकून बाईंच्या डोळ्यांसमोर पाणी घातलेले दूध उभे राहिले होते. आधीच अंगात रक्त कमी, त्यात ते पातळ केले तर खोकल्याबरोबर सगळे बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब होता. ही गोळी रक्तात पाणी घालत नाही, ती रक्ताची गोठण्याची घाई कमी करते. झालेली गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते, तोवर ती वाढू नये आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू नये, एवढेच या गोळीचे काम आहे, असे मी समजावले. (‘रक्त पातळ’ हा शब्दप्रयोग आपण सर्वांनीच टाकून द्यावा, असे माझे मत आहे.) थुंकीतून पुन्हा रक्त दिसले तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही ठरले. त्या मान डोलवत राहिल्या. आयएनआर मात्र खाली-वरच होत राहिला.

माझी जडणघडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली. माणसाला घटना जेवढी हलवते, त्याहून त्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ अधिक हलवतो, हे मी वर्षानुवर्षे इतरांना शिकवीत आले आहे. असे असूनही डॉक्टरांच्या बोलण्याचा बाईंनी कोणता अर्थ लावला, हे विचारायचे मला चौथ्या भेटीत सुचले. त्या दिवशी समजावणे बाजूला ठेवून मी फक्त विचारले, की काल आणि आज कोणती गोळी कधी घेतली, ते क्रमाने सांगा.

“आज टीबीची. सकाळी, अनशापोटी.”

“आणि काल?”

त्यांनी दाराकडे पाहिले. बाहेर सासूबाई बसल्या होत्या. “काल रक्ताची. एक दिवस आड घेते, मॅडम.”

“असं कुणी सांगितलं?”

“सांगितलं नाही कुणी. डॉक्टर म्हणाले, या दोन गोळ्यांचं जमत नाही. मग मीच वेगळ्या केल्या. आमच्या घरात पण तसंच की ओ. दोघी जावा एका चुलीपाशी नकोत म्हणून सासूबाईंनी पाळ्या लावल्यात.”

मी चूक दाखवायला तोंड उघडले होते, ते मिटले. ही बाई निष्काळजी नव्हती. ‘जमत नाही’ हे शब्द तिने मन लावून ऐकले होते आणि न जमणाऱ्यांचे काय करायचे, हे तिला आपल्या घरातून नेमके ठाऊक होते. आजवर ज्याला आम्ही हलगर्जीपणा म्हणत होतो, तो काळजीपूर्वक पाळलेला नियम होता. हे ध्यानात आल्यावर मी माझे स्पष्टीकरण आवरले आणि त्यांच्याच घरात शिरले.

“जमत नाही म्हणजे नक्की काय होतं, ताई?”

“मोठी बोलायला लागली की धाकटीचं कुणी ऐकत नाही.”

“पाळ्या लावल्यावर ऐकतात?”

त्या थांबल्या. “नाही ओ. मोठी माहेरी गेली तरी आठ-पंधरा दिवस घरात तिचाच धाक.”

“मग धाकटीनं काय करायचं?”

“जोरात बोलायचं.” एवढे म्हणून त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “मी धाकटी.”

औषधशास्त्र याहून वेगळे सांगत नाही. क्षयाच्या गोळीतले रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधे झपाट्याने मोडायला लावते, त्यामुळे वॉरफरिनचा प्रभाव घटतो. यकृताची ती सवय रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे टिकते, म्हणून दिवस वाटून घेतल्याने काहीच साधत नाही. उलट दोन्ही औषधे अर्धवट राहतात आणि अर्धवट घेतलेल्या क्षयाच्या औषधाला जंतू दाद देईनासे होऊ शकतात. यावरचा उपाय म्हणजे दोन्ही गोळ्या रोज घेणे, धाकटीची, म्हणजे वॉरफरिनची, मात्रा वाढवणे आणि आयएनआर वारंवार तपासणे. त्यांच्या संमतीने मी हे डॉक्टरांना त्याच दिवशी कळवले. चुकलेल्या दिवसांचा हिशेब क्षयरोग केंद्रात दिला गेला, आणि पुढे काही आठवड्यांत आकडा 2 च्या वर जाऊन टिकला. केवळ एका प्रश्नाने हे साधले, याचे मला समाधान आहे. तो तीन भेटी उशिरा विचारला, याची खंतही आहे.

आता मूळ शंकेकडे वळते. गुठळीला बहुतेक वेळा आजारच कारण असतो. शरीर क्षयाशी झुंजत असताना रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट वाढतात, गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिनसारखी द्रव्ये घटतात, त्यात माणूस अंथरुणाला खिळतो आणि कधी सुजलेल्या गाठी शिरांवर दाब देतात. रिफॅम्पिसिनचाही थोडा वाटा असावा, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे, परंतु उपचार लागू पडले की रक्तातले हे बदल काही आठवड्यांत ओसरू लागतात. क्षयाच्या गोळ्या बंद करणे म्हणजे गुठळीचे मूळ कारण घरात ठेवून घेणे होय.

नातेवाइकांपैकी कोणी तरी हमखास सुचवतो, की पुण्यात वॉरफरिनऐवजी चाचणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. रिफॅम्पिसिन त्यांचाही प्रभाव घटवते, शिवाय तो किती घटला हे नेहमीच्या चाचणीत कळत नाही, म्हणून असा बदल परस्पर करू नये. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेणेही टाळावे, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा प्रभाव कमी-जास्त होतो, तरी मेथी-पालक सोडण्याचे कारण नाही. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे मात्र करू नये. एकच पाय सुजला तर चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

घरच्यांसाठी एक गोष्ट अधिक सांगते. रुग्णाला ‘गोळ्या घेतल्या का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते. ‘कशा घेतल्या, दाखव,’ असे म्हणून पाहावे.

क्षयाचा उपचार संपत आला, तेव्हा बाई न बोलावता आल्या. रक्ताची गोळी आणखी काही महिने चालणार होती. पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि आयएनआरचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून माझ्यापुढे सरकवले.

“मोठी आता माहेरी चाललीय, मॅडम. पंधरा दिवसांनी धाक उतरला की धाकटीचा आवाज जास्तीचा होणार ना? रक्त कधी तपासायचं, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून द्या.”

मी फोन उचलला.