काजूच्या रसाआधी साधं ग्लुकोज

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या रसातून, एन्झाइम (जैविक उत्प्रेरक) लावलेल्या इलेक्ट्रोडने वीज काढायचा तुझा बेत मला मनापासून आवडला, पण पहिला महिना तो रस बाजूलाच ठेव. त्यात ग्लुकोज असतं, तसंच क जीवनसत्त्वही भरपूर. ते एन्झाइमशिवायच इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतं आणि मीटरवर खोटा करंट दिसतो. माझे दोन आठवडे त्यातच गेले. म्हणून एन्झाइम न लावलेला एक इलेक्ट्रोड दर वेळी सोबत मोजायचाच.

शुद्ध ग्लुकोजचं द्रावण आदल्या रात्री करून ठेव. ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढणारं एन्झाइम, ग्लुकोज ऑक्सिडेज, ग्लुकोजच्या अल्फा आणि बीटा या दोन रूपांपैकी फक्त बीटा ओळखतं, आणि ताज्या द्रावणात दोन्ही रूपांचा समतोल व्हायला काही तास लागतात. माडाच्या सुरेत मुख्यतः सुक्रोज, तिथे आधी सुक्रोज फोडून ग्लुकोज मोकळं करणारं इन्व्हर्टेज हवं. कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडवर, दोनपैकी एक एन्झाइम लावता येतं. लॅकेजला आम्ल माध्यम मानवतं. बिलिरुबिन ऑक्सिडेज ७ पीएचला, म्हणजे उदासीन माध्यमात चालतं, मी तेच घेईन.

करंट कमी आला म्हणून खचू नकोस. एकट्या ग्लुकोज ऑक्सिडेजने ग्लुकोजच्या एका रेणूतून मिळू शकणाऱ्या २४ इलेक्ट्रॉनांपैकी दोनच मिळतात. सगळे काढण्यासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये १३ एन्झाइमांची साखळी लावली होती.

आणि हो, एप्रिलच्या उकाड्यात लाइट गेली तर एन्झाइमची बाटली आधी बर्फात ठेव.