वाचकांचे प्रश्न : अटलांटाची मेट्रो ग्विनेटपर्यंत का जात नाही?

प्रश्न : अटलांटाजवळच्या ग्विनेट काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मुलाकडे काही महिने राहून आम्ही नुकतेच परतलो. अटलांटाच्या विमानतळावरच मेट्रोचे स्थानक आहे. पण ती गाडी मुलाच्या गावापर्यंत येत नाही आणि मोटारीवाचून आम्ही दोघे घरातच अडकून पडलो. इतक्या श्रीमंत देशात असे का? मोटार कंपन्यांनी ट्राम मुद्दाम बंद पाडल्या, हे खरे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ट्रामची गोष्ट अर्धी खरी आहे. मोटारी बनवणारी जनरल मोटर्स, टायर बनवणारी फायरस्टोन आदींचे भांडवल असलेल्या नॅशनल सिटी लाइन्सने अनेक शहरांतल्या वाहतूक कंपन्या विकत घेऊन ट्रामच्या जागी बस आणल्या आणि 1949 मध्ये या मंडळींवरचा गुन्हा शाबीतही झाला. मात्र तो बस आणि त्यांना लागणाऱ्या मालाच्या विक्रीत मक्तेदारी मिळवण्याच्या कटाचा होता, आणि जनरल मोटर्सला दंड झाला अवघा 5,000 डॉलर. ट्राम कंपन्या त्याआधीच खंगल्या होत्या, कारण अनेक ठिकाणी भाडे करारानेच पाच सेंटांवर बांधलेले होते आणि रुळांलगतच्या रस्त्याची डागडुजीही त्यांच्याच गळ्यात होती.

माझ्या मते खरे कारण पैशाच्या वाटणीत आहे. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा 90 टक्के खर्च केंद्राने उचलला. केंद्रीय इंधनकरातला स्वतंत्र वाटा शहरी वाहतुकीला मिळाला तो 1982 च्या कायद्याने. अटलांटा ज्या राज्यात आहे, त्या जॉर्जियाच्या घटनेनुसार तर राज्याचा इंधनकर रस्ते आणि पुलांवरच खर्च करावा लागतो. त्यामुळे अटलांटाची ‘मार्टा’, म्हणजे तिथली मेट्रो आणि बससेवा, मुख्यतः काउंटींच्या विक्रीकरावर चालते, आणि तो कर लावायचा की नाही, हे त्या त्या काउंटीचे मतदार ठरवतात.

1971 मध्ये फुल्टन आणि डीकॅल्ब या काउंटींनी या कराला होकार दिला, ग्विनेट आणि क्लेटन या काउंटींनी नकार. गोरी कुटुंबे तेव्हा शहर सोडून उपनगरांत जात होती आणि शहरातले कृष्णवर्णीय गाडीत बसून आपल्या दाराशी येतील, ही भीती त्या नकारामागे होती. ‘गुन्हेगारी वाढेल’ हा तिचा सभ्य पोशाख. तुम्ही विमानतळावर पाहिलेली गाडी म्हणूनच ग्विनेटच्या वेशीजवळ, डोराव्हिलला थांबते. आज ग्विनेटमध्ये आशियाई, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय रहिवासी मोठ्या संख्येने आहेत, तरीही 2019 आणि 2024 मधले वाहतूक कराचे प्रस्ताव तिथे फेटाळले गेले. म्हणजे आता केवळ वर्णद्वेषाकडे बोट दाखवून भागत नाही. ज्यांची घरे, नोकऱ्या आणि दुकाने मोटारीच्या भरवशावर विखुरली आहेत, त्यांना बससाठीचा कर दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो.

क्लेटनचा अनुभव वेगळा आहे. तिथली बससेवा 2010 मध्ये पैशाअभावी बंद पडली आणि मोटार नसलेल्यांचे कामावर जाणेच अवघड झाले. 2014 मध्ये त्याच काउंटीने मोठ्या बहुमताने ‘मार्टा’त प्रवेश केला. ग्विनेटने उद्या तसे केले, तरी तुमच्या मुलाच्या वसाहतीतून थांब्यापर्यंत चालत जाण्याजोगी वाट आहे का, हा प्रश्न उरेल. आणि घरे-दुकाने किती अंतरावर असावीत, याचे नियम काउंटीच्याच हाती आहेत.